टाकीच्या तळाशी कोणती माती?

घरी माशांची काचेची टाकी आणायची म्हटलं की आपण आधी काय ठरवतो? मासे कोणते, दिवा कसला, मागे चित्र कोणतं! तळाशी काय घालायचं, हा विचार सगळ्यांत शेवटी. दुकानातली निळी-गुलाबी खडी ओतली की काम झालं! मग त्यात लावलेल्या पाणवनस्पती महिन्याभरात पिवळ्या पडतात आणि कुजतात. दोष मात्र नळाच्या पाण्याला. पण टाकीतलं पाणी पुढे कसं राहणार, हे बऱ्याच अंशी तळच ठरवतो, बरं का!

मातीची तिजोरी

खडीत झाडासाठी अन्न नसतं आणि ती अन्न धरूनही ठेवत नाही. मातीचं तसं नाही. चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या आयनांवर असतो धन भार. त्यामुळे माती त्यांना धरून ठेवते आणि मुळं लागेल तसं उचलतात. जणू झाडांची तिजोरीच! पण माती नुसती घेत नाही, ती पाण्याला देतेही. गंमत आणि धोका, दोन्ही तिथेच आहेत.

आपल्या पायाखाली काय आहे?

पिंपरी-चिंचवड, चाकण हा सगळा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. हा पाषाण झिजून मुरूम झाला, आणखी झिजून काळी माती.

काळ्या मातीची तिजोरी मोठी. पण तिच्यात अनेकदा पांढरट खडे दिसतात. ती चुनखडी! ती पाण्यात हळूहळू विरघळते, पाणी जड होतं आणि त्याचा पीएच वाढतो. पीएच म्हणजे पाणी आम्ल आहे की आम्लारी, हे सांगणारा आकडा. शेतीच्या पुस्तकांत त्याला सामू म्हणतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी.

एका आकड्यानं काय बिघडतं? माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. पीएच ७ असेल तर त्यातला शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला, की तोच भाग शेकडा पाचच्या आसपास जातो. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण विष जवळपास दहापट! काल खेळणारे मासे आज पाण्यावर येऊन धापा का टाकतात, याचं एक उत्तर इथे आहे.

मग काळी माती वाईट का? मुळीच नाही. गप्पी आणि मॉली माशांना जड पाणी मानवतं. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या वनस्पती तर जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवतात. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना मात्र ती नको.

महाबळेश्वर आणि कोकणातली जांभ्याची लाल माती याच्या उलट. धो धो पावसानं तिच्यातला चुना केव्हाच धुऊन नेलेला असतो. ती आम्लधर्मी आणि लोहानं भरलेली. बुडालेल्या मातीत प्राणवायू कमी असतो, त्यामुळे हे लोह विरघळतं आणि मुळांना मिळतं. मावळातल्या भातखाचरात चिखलणी झाल्यावर पाण्याखाली हेच घडतं. म्हणजे भातखाचर ही एक मोठ्ठी उथळ टाकीच की!

दुकानात जपानी बनावटीची तयार दाणेदार मातीही मिळते. ती पाण्याचा पीएच उतरवते. पण ती महाग, आणि तिचा हा गुण काळानुसार संपतो.

करून पाहा

१. कोरड्या मातीवर किंवा वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. नदीच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असले तरी असंच होतं.

२. चार सारख्या बरण्यांत एकच पाणी भरा. एकीत काळी माती, दुसरीत लाल माती, तिसरीत धुतलेली वाळू घाला. चौथीत फक्त पाणी. बरण्या आठवडाभर सावलीत ठेवा. मग वरचं निवळ पाणी घेऊन त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू या द्रावणाचे थेंब टाका. पिवळा रंग म्हणजे आम्ल, हिरवा उदासीन, निळा आम्लारी. चौथी बरणी कशाला? तुलना करायला!

टाकी भरताना

माती चाळून घ्या. तिचा एक इंच थर, त्यावर धुतलेल्या वाळूचा एक इंच थर. वाळू नसली तर सगळं पाणी गढूळ होतं. थर फार जाड केला, तर आत प्राणवायू पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. आधी भरपूर झाडं लावा. नवी माती सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडते, म्हणून मधून मधून निम्मं पाणी बदला. तपासणीत अमोनिया शून्य आला, की मगच मासे सोडा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं औषध दुकानात मिळतं, तेही विसरू नका. बोअरचं पाणी बहुधा आधीच जड असतं. त्यात चुनखडीची माती घातली तर आणखी भर पडेल.

आईबाबांसाठी एक सूचना. आपला भाग कारखान्यांचा. कारखान्यामागची, गटाराजवळची, रस्त्याकडेची माती मुलांना आणू देऊ नका. तिच्यात तेल आणि घातक धातू असू शकतात. फवारणीची किंवा रासायनिक खताची मातीही नको.

आणि हो, टाकीतली झाडं किंवा मासे नदीत कधीही सोडायचे नाहीत! पवना आणि इंद्रायणीवर पसरणारी जलपर्णी पाहिली आहे ना? तीही मुळात परदेशातून आलेली. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस खाऊन ती फोफावते. टाकीत जास्त खत पडलं की काच शेवाळानं हिरवी होते, त्याचं कारणही तेच.

मग, चार बरण्या शोधायला लागताय ना?