आज कोणामुळे काय झालं?

नागपुरातल्या मनीषनगरचं रेल्वे फाटक आठवतं ना? बेसा, घोगली, बेलतरोडीकडून शहरात कामाला जाणाऱ्यांचा अर्धा जीव त्या फाटकावर अडकलेला असायचा. मग उड्डाणपूल झाला. सुरुवातीला पुलावरून जाताना जो तो खूश होता. आता त्याच पुलावर बोलणं चालतं ते पुढच्या चौकातल्या गर्दीबद्दल. मिळालेल्या गोष्टीची मनाला फार लवकर सवय होते आणि नडणारी गोष्ट मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. कृतज्ञतेची वही लिहायची ती या सवयीवर उतारा म्हणून.

त्यासाठी वेगळी खरेदी नको. मुलांची मागच्या वर्षीची अर्धी कोरी वही चालते. मोबाइलवर लिहू नका, कारण मोबाइल हातात घेतला की आधी सोसायटीचा ग्रुप उघडतो आणि तिथे पार्किंगचं भांडण सुरू असतं. रात्रीची जेवणं आटोपली की दहा मिनिटं बसायचं आणि दिवसभरात बरं झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या. प्रत्येकीपुढे ती का झाली, हेही लिहायचं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी हे आठवडाभर केलं. ज्यांनी पुढेही आपणहून चालू ठेवलं, त्यांना सहा महिन्यांनंतरही फरक जाणवत होता.

यातलं ‘का’ बहुतेक जण गाळतात आणि तिथेच वही फसते. ‘घर, तब्येत, मुलं’ असं पहिल्या दिवशी लिहिलं की चौथ्या दिवशीही तेच लिहिलं जातं. आठवड्याने हाताला कंटाळा येतो. त्यापेक्षा असं लिहून पाहा: ‘लाइट गेली होती, लिफ्ट बंद. खालच्या घरातल्या मुलाने सिलिंडर चौथ्या मजल्यावर चढवून दिलं. उद्या त्याचा गणिताचा पेपर आहे, तरी.’ या नोंदीत माणूस आहे, त्याला पडलेला त्रास आहे आणि त्याच्यावर कसलीही सक्ती नव्हती, हेही आहे. या विषयावर आयुष्यभर काम केलेले रॉबर्ट एमन्स कृतज्ञतेचे दोन भाग सांगतात: काहीतरी चांगलं घडलं हे ओळखणं आणि ते आपल्या बाहेरून, दुसऱ्या कुणाकडून आलं हे मान्य करणं. दुसरा भाग अवघड, कारण त्यात थोडा अहंकार सोडावा लागतो.

कधी काहीच सुचत नसेल, तर उलट बाजूने लिहा. अमुक गोष्ट झालीच नसती तर? 2008 च्या एका अभ्यासात काही जणांनी आपला जोडीदार कसा भेटला हे लिहिलं, तर काहींनी तो कदाचित भेटलाच नसता, हे लिहिलं. दुसरा गट आपल्या संसाराबद्दल अधिक समाधानी आढळला. फाटकावर थांबलेली एखादी दुपार आठवून पाहिली, तर पूल पुन्हा दिसू लागतो.

रोजच लिहायचं का? एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो यांच्या 2003 च्या गाजलेल्या अभ्यासातला पहिला प्रयोग आठवड्यातून एकदा लिहिण्याचा होता, दहा आठवड्यांचा. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. माझं मत असं: नजर तयार होईपर्यंत आठवडाभर रोज लिहा, मग रविवारी एकदा. उपास मोडल्यासारखी अपराधी भावना येऊ लागली, तर वही काही दिवस कपाटात ठेवा.

लिहिलेलं त्या माणसापर्यंत पोचलं तर आणखी बरं. सेलिग्मन यांच्याच प्रयोगात आभाराचं पत्र स्वतः जाऊन देणाऱ्यांचा आनंद सुरुवातीला सगळ्यांत जास्त वाढला, मात्र तो टिकला महिनाभरच. तेव्हा सिलिंडरवाल्या मुलाच्या आईला जिन्यात भेटून एक वाक्य बोलायला हरकत नाही.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. मे महिन्यात पारा 45 वर आणि टँकरचा पत्ता नाही, अशा दिवशी ‘निदान कूलर तरी चालू आहे’ असं बळेबळे लिहू नका. नळाला पाणी येणं हा हक्क आहे, उपकार नव्हे. त्यासाठी अर्ज करावा, चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. पाण्यासाठी आपली बादली पुढे करणारी शेजारीण मात्र वहीत यावी.

आणि वहीकडून फार मोठी अपेक्षा नको. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी असे 27 अभ्यास एकत्र तपासले. नैराश्य आणि चिंतेवर या उपायाचा परिणाम अगदी थोडा दिसला. झोप उडाली असेल, दिवसेंदिवस कशातच मन लागत नसेल, तर वहीवर विसंबून राहू नका, डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.