कॅमेरा कपाटात नको, हाताशी हवा

घरातली एखादी वृद्ध आजी जाते. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध सुरू होते आणि अखेर हाती लागतो तो कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआडून अर्धवट दिसणारी आजी! मग फोटोवाला तेवढाच चेहरा कापून मोठा करून देतो. तो धूसर येतो, पण हार घालायला चालतो. जिनं त्या घरात पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्या, तिचा भाकरी थापतानाचा एकसुद्धा फोटो घरात नसतो. थोड्याफार फरकानं पुष्कळ घरांत हेच घडतं, नाही का?

"अहो, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे की!" असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. पूर्वी ॲग्फा क्लिक थ्रीच्या एका रोळात बारा फोटो निघायचे, आणि त्यातला एखादा वाया गेला की बोलणी बसायची. आता दिवसाला पन्नास निघतात आणि 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडले जातात. भरपूर उजेडात फोन उत्तम काम करतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण संध्याकाळचं स्वयंपाकघर, धावतं मूल, समईच्या उजेडातला चेहरा, अशा ठिकाणी लहानसा मिररलेस कॅमेरा फोनच्या पुढे जातो. शिवाय तो हातात असताना मध्येच कुणाचा फोन येत नाही!

आरसा गेला, वजन कमी झालं

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. जुन्या मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आधी आरशावर पडायचा आणि तिथून वर डोळ्यापर्यंत जायचा. फोटो काढताना तो आरसा 'खटॅक' करून उचलला जाई. मिररलेसमध्ये प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि तेच चित्र पडद्यावर दिसतं. पॅनासॉनिकनं २००८ साली मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीचा पहिला कॅमेरा आणला, तेव्हापासून हा प्रकार रुजत गेला. आरशाची जागा वाचल्यामुळे कॅमेरा चपटा झाला. त्यातले लहान कॅमेरे भाजीच्या पिशवीतसुद्धा मावतात. आणि नवशिक्या बाईला मोठा फायदा असा, की फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबण्याआधीच बहुतेक कॅमेऱ्यांत पडद्यावर कळतं.

घेताना काय पाहावं?

दुकानदार पहिल्यांदा मेगापिक्सेल सांगेल. ते ऐकून घ्या आणि सोडून द्या. सहा बाय चार इंचाच्या चांगल्या प्रिंटला १८०० बाय १२०० ठिपके, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल पुरतात. महत्त्वाचा असतो सेन्सरचा आकार. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर सुमारे १७ बाय १३ मिलिमीटर असतो, आणि एपीएस-सीचा सुमारे २३ बाय १५. फोनमधला सेन्सर याहून पुष्कळच लहान. पातेलं जितकं पसरट तितकं पावसाचं पाणी जास्त साठतं, तसंच हे!

दुसरी गोष्ट लेन्सची. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या झूम लेन्सवर बहुधा ३.५-५.६ असे आकडे असतात. पुढेमागे एफ १.८ ची, झूम नसलेली लहान लेन्स घ्या. ३.५ च्या मानानं ती जवळजवळ चौपट उजेड आत घेते. आपल्या खोल्या काही दिवाणखान्याएवढ्या ऐसपैस नसतात. तेव्हा एपीएस-सीला २३-२४ मिलिमीटरची किंवा मायक्रो फोर थर्ड्सला १७ मिलिमीटरची लेन्स बरी. भिंतीला पाठ लावून उभं न राहतासुद्धा ओट्यापाशी उभी सासू आणि शेजारी बसलेली नात, दोघी फोटोत मावतात.

किंमत अर्थात कमी नसते. जुना कॅमेरा घेण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त लेन्समध्ये एका बाजूनं टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या तर ती बुरशी, नमस्कार करून परत फिरा. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही पाहा. एक जादा बॅटरी तर हवीच, कारण पडदा सतत चालू असल्यामुळे या कॅमेऱ्यांची बॅटरी लवकर उतरते.

खिडकी ही तुमची मैत्रीण

घरातला सर्वांत सुंदर उजेड खिडकीतून फुकट येतो. फोटो काढताना ट्यूब बंद करा. दोन्ही उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळट किंवा हिरवट दिसतो. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा, म्हणजे एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर हलकी सावली पडेल. भाताची किंवा मोदकांची वाफ टिपायची असेल तर खिडकी पातेल्याच्या मागे यायला हवी. समोरून उजेड पडला की वाफ दिसतच नाही.

धावत्या मुलांसाठी शटर १/२५० किंवा त्याहून जलद ठेवा. शांत बसलेल्या माणसाला १/६० ते १/१२५ चालतं. दिवाळीत पणत्यांच्या उजेडात फ्लॅश मुळीच नको. एफ १.८ आणि आयएसओ १६०० ते ३२०० वर घेऊन पाहा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, पणतीचा सोनेरीपणा तरी राहतो.

एक गंमत लक्षात ठेवा. या कॅमेऱ्यांत आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. निजलेल्या बाळाचा फोटो घ्यायला ते छान, पण ट्यूब किंवा एलईडी दिव्याखाली फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अशा वेळी शटर १/५० किंवा १/१०० वर आणलं की पट्टे बहुधा जातात. नाहीच गेले तर साधं, आवाजाचं शटर लावा.

संक्रांतीची चंद्रकळा

नव्या सुनेचा संक्रांतसण. काळी चंद्रकळा आणि वर पांढरे हलव्याचे दागिने! फोटोत मात्र साडी राखाडी येते आणि हलव्याचा काटा पुसून जातो. असं का? कॅमेऱ्याला साडी काळी आहे हे ठाऊक नसतं. इतका अंधार पाहून तो बिचारा आपला उजेड वाढवतो. अशा वेळी कॅमेऱ्यावरची + आणि − ची चकती उणे एकवर आणा. साडी काळीभोर राहते आणि हलव्याचा काटान् काटा दिसतो. उलट पांढऱ्याशुभ्र धोतरातले आजोबा चुन्याच्या भिंतीपुढे बसले असतील तर अधिक एक करा. एवढी एक चकती ज्या बाईला वापरता आली, तिचं निम्मं शिक्षण झालं म्हणा ना!

पावसाळा आणि कॅमेरा

आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, कॅमेऱ्याचा खरा वैरी म्हणजे दमट हवा. त्यासाठी या चार गोष्टी पाळा:

– कॅमेरा चामड्याच्या पिशवीत किंवा साड्यांच्या कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, आणि डांबराच्या गोळ्यांची वाफ कॅमेऱ्याला बाधते.

– घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या. त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. जेलचा रंग बदलला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ते सुकवा, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे. डब्यात तांदूळ घालू नका, त्याची पूड आत जाते.

– लेन्स पदरानं पुसू नका. आधी रबरी फुंकणीनं धूळ उडवा, मग मऊ कापड. लेन्स बदलताना पंखा बंद करा आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा. आरसा नसल्यामुळे आतला सेन्सर बहुधा उघडाच असतो.

– एसीतून एकदम बाहेर आल्यावर काचेवर दव धरतं. अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

या सगळ्यांहून चांगला उपाय म्हणजे कॅमेरा वापरात ठेवणं. हाताळलेल्या, हवा-उजेड लागलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

कॅमेरा कुणाचा?

घरात मिक्सर आला की तो आपला असतो, आणि कॅमेरा आला की तो 'ह्यांचा' होतो. मग तो सहलीला आणि लग्नाला तेवढा बाहेर निघतो. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. त्यांचेसुद्धा सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावावर छापले गेले. पुढे त्यांचं काम देशानं ओळखलं आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या हातांत वजनदार कॅमेरे असायचे. आपल्या हातातला तर वाटीभर डाळीएवढ्या वजनाचा!

तेव्हा कॅमेरा ओट्यापासून चार पावलांवर, हात पोचेल असा ठेवा. काय टिपावं हे शोधायला लांब जायला नको. पापड लाटणारे आईचे हात, दाराशी काढलेल्या चपला, शाळेत निघालेल्या मुलीची वेणी, पेपर वाचता वाचता डुलकी लागलेले मामंजी. फक्त कामवाल्या मावशींना किंवा शेजारणीला आधी विचारा, आणि काढलेला फोटो त्यांना नेऊन द्या.

महिन्यातून एकदा बसून फोटो निवडा. शंभरातले दहा ठेवा, बाकीचे खुशाल पुसा. ठेवलेल्यांच्या प्रती दोन ठिकाणी हव्यात, कार्डाचा भरवसा धरू नका. दहातले दोन-तीन प्रिंट करून आणा आणि मागे पेन्सिलीनं नाव, गाव, वर्ष लिहा. वीस वर्षांनी 'ही कोण गं?' असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायला प्रत्येक वेळी कुणी असेलच असं नाही.

आणि राहता राहिलं एक काम. फोटो काढणारी बाई स्वतः फोटोत नसते, हे नेहमीचंच. त्यावर तोडगा सोपा आहे. कॅमेरा पिठाच्या डब्यावर ठेवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि जाऊन आपल्या माणसांत बसा. पदर सारखा करत बसू नका, दहा सेकंद झटकन संपतात!