औषध दुकानांतील कोलेस्टेरॉल तपासणी

औषध दुकानांतील कोलेस्टेरॉल तपासणी : किरकोळ औषध दुकानात बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून कोलेस्टेरॉल व इतर वसाद्रव्यांचे प्रमाण मोजून, ज्यांना हृद्‌रोहिणीविकाराचा (हृदयस्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या विकाराचा) धोका अधिक संभवतो अशा व्यक्ती शोधून काढणे, त्यांना वैद्याकडे पाठविणे आणि आहार, व्यायाम, तंबाखू व औषधसेवन यांविषयी त्यांना समजावून सांगणे, असे या उपक्रमाचे स्वरूप असते. हे रोगनिदान नसून चाळणी आहे. चाळणीत अडकलेल्या व्यक्तीचे निदान व उपचार वैद्यानेच करावयाचे असतात.

कोलेस्टेरॉल हा पेशीपटले, पित्ताम्ले व काही हॉर्मोने यांच्यासाठी आवश्यक असा पदार्थ असून त्याचा बराचसा भाग यकृतात तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्हरल यांनी १८१५ च्या सुमारास त्यास नाव दिले. रशियन विकृतिवैज्ञानिक आनिच्कॉव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत वसायुक्त थर निर्माण करून दाखविले. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे १९४८ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीतून कोलेस्टेरॉलाधिक्य, अतिरक्तदाब व धूम्रपान यांचा हृद्‌रोगाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याने सहसा कोणतेच लक्षण जाणवत नाही. पुष्कळ व्यक्तींच्या बाबतीत हृदयविकाराचा झटका हीच त्याची पहिली सूचना ठरते.

पद्धती : थेंब पट्टीवर ठेवल्यावर पट्टीतील एंझाइमांच्या विक्रियेने रंग उत्पन्न होतो व त्याची तीव्रता छोटे उपकरण मोजते. काही मिनिटांत आकडा मिळतो. एकूण व उच्च घनतेच्या कोलेस्टेरॉलासाठी उपाशीपोटी येण्याची आवश्यकता नसते. मात्र हात ओले असणे किंवा थेंब काढण्यासाठी बोट जोराने पिळणे यांमुळे रक्त पातळ होऊन आकडा खोटा येतो. किनाऱ्यावरील दमट हवेत पट्ट्यांची डबी उघडी राहिली, तरी पट्ट्या बिघडतात. प्रत्येकासाठी नवी सुई वापरणे व ती छिद्र न पडणाऱ्या डब्यात टाकून जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार तिची विल्हेवाट लावणे अनिवार्य होय. शिबिरांच्या गर्दीत याच बाबीकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

आकड्याचा अर्थ : दर १०० मिलि. रक्तात एकूण कोलेस्टेरॉल २०० मिग्रॅ.पेक्षा कमी असणे इष्ट, २०० ते २३९ हे सीमेवरचे व २४० वा अधिक हे जास्त, अशी वर्गवारी रूढ आहे. भारतीयांच्या बाबतीत ती अपुरी पडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एकूण कोलेस्टेरॉलाचे आधिक्य सु. २४ टक्के प्रौढांत, तर संरक्षक मानल्या जाणाऱ्या उच्च घनतेच्या कोलेस्टेरॉलाची कमतरता सु. ६७ टक्के प्रौढांत आढळली. एखाद्याचे एकूण कोलेस्टेरॉल १८० व उच्च घनतेचे ३२ असल्यास उरलेले, म्हणजे मुख्यत्वे अपायकारक, कोलेस्टेरॉल १४८ भरते. भारतीय हृद्‌रोगतज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सर्वसामान्य व्यक्तीसाठी सुचविलेली १३० ची मर्यादा ते ओलांडते. केवळ ‘१८०’ असे लिहिलेली चिठ्ठी घेऊन अशी व्यक्ती निर्धास्त घरी जाते. फक्त एकूण कोलेस्टेरॉल मोजणारी तपासणी त्यामुळे प्रसंगी अपायकारकच ठरू शकते. दोन्ही आकडे मोजून वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व कुटुंबातील हृद्‌रोग यांची नोंद त्यांच्याबरोबर ठेवणे हेच योग्य.

परदेशांतील अनुभव : कॅनडातील अल्बर्टा व सस्कॅचेवन प्रांतांतील ५४ औषधालयांत ६७५ रुग्णांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधनिर्मात्याने रुग्णांचा पाठपुरावा करून वैद्याशी संपर्क ठेवल्यास अपेक्षित वैद्यकीय कार्यवाही ५७ टक्के रुग्णांत होते, नेहमीच्या पद्धतीत ती ३१ टक्क्यांतच होते, असे त्यात दिसले. लाभ इतका स्पष्ट होता की प्रयोग नियोजित मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. तेथे फळ मिळाले ते एकदाच केलेल्या मोजणीचे नसून पुन्हापुन्हा होणाऱ्या भेटींचे होते.

पालघर व बोईसर-तारापूर : ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आठ तालुके असून किनाऱ्यावरील मच्छीमार, बागायतदार, पूर्वेकडील आदिवासी पाडे आणि रेल्वेमार्गालगतची कामगारवस्ती असे त्याचे मिश्र स्वरूप आहे. १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुविद्युत्‌ केंद्र व बोईसरलगतची औद्योगिक वसाहत यांमुळे रासायनिक, पोलाद, कापड व औषध कारखान्यांत पाळ्यांनी काम करणारा मोठा वर्ग येथे वसला आहे. त्यांपैकी अनेक परप्रांतीय असून त्यांना ठरलेला कुटुंबवैद्य नसतो. दिवसाच्या बाह्यरुग्ण विभागात जावयाचे, तर पाळीची मजुरी बुडते. रात्री उघडे असलेले औषध दुकान हाच मग पहिला सल्लागार होतो. तीस वर्षांवरील लोकांच्या शासकीय तपासणीचा भर मधुमेह, अतिरक्तदाब व तीन कर्करोग यांवर असून कोलेस्टेरॉल मोजणे हा तिचा नियमित भाग नाही. या ठिकाणी दुकानातील तपासणीस वाव आहे. ती करावयाची, तर कोणत्या ग्रामीण रुग्णालयात वा दवाखान्यात व कोणत्या दिवशी जावयाचे हे चिठ्ठीवर लिहिलेले हवे आणि ते मराठीबरोबर हिंदीतही हवे.

सल्लाही स्थानिक हवा. सातपाटीच्या कोळ्यास ताजी मासळी सोडावयास सांगण्याचे काही कारण नाही. कमी करावयाचे ते खारवलेल्या मासळीतील मीठ व वारंवार तापविलेल्या तेलातील तळण. मिश्री व तंबाखू-चुना हीदेखील तंबाखूच, हे ती वापरणाऱ्यांच्या ध्यानी आणून द्यावे लागते.

कायदा व मर्यादा : औषधव्यवसाय अधिनियम, १९४८ नुसार औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यासच असून २०१५ च्या विनियमांनी रुग्णास सल्ला देणे हेही त्याचे कर्तव्य ठरविले आहे. कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन औषधे भारतात वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. ब्रिटनमध्ये २००४ साली सिम्व्हास्टॅटिनाची १० मिग्रॅ. मात्रा औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली चिठ्ठीविना देण्यास मुभा मिळाली होती. ते उदाहरण येथे लागू होत नाही. तपासणारा व विकणारा एकच असल्याने हितसंबंधाचा प्रश्न उरतोच. आकडा सांगताच पूरक गोळ्यांची बाटली पुढे करणाऱ्या दुकानातील तपासणी ही जाहिरातच होय.

औषधनिर्मात्याचा खरा उपयोग नंतरच्या महिन्यांत होतो. आकडा उतरला की रोग बरा झाला असे समजून पुष्कळ रुग्ण स्टॅटिन स्वतःहून बंद करतात व काही काळात प्रमाण पूर्ववत वाढते. पुढची पट्टी घ्यावयास कोण आले नाही, हे वैद्याआधी दुकानदारास कळते. पायाचे वा पाठीचे स्नायू दुखू लागल्याची तक्रारही प्रथम त्याच्याच कानी पडते. अशा वेळी गोळी परस्पर न थांबविता वैद्याकडे पाठवावे.

छातीत जळजळ वा दडपण होते म्हणून पित्ताची गोळी मागणारा, घाम फुटलेला ग्राहक समोर उभा असेल, तर कोलेस्टेरॉल मोजण्यात वेळ दवडू नये. त्यास बसवून ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पालघरहून पुढील उपचारांसाठी अनेकदा मुंबई किंवा वापीच्या दिशेने न्यावे लागत असल्याने तेथे हा वेळ विशेष मोलाचा असतो.