हिरवळीच्या तुषार संचातील झडपा : जागा बदलणे व निगा

मुळशी तालुक्यात पावसाळ्यात पाण्याची वाण नसते. सह्याद्रीच्या माथ्यालगत ताम्हिणीच्या बाजूस तर पावसाचा जोर फार मोठा असतो. परंतु आश्विनात पाऊस ओसरला की उतारावरचे पाणी वाहून जाते आणि फाल्गुन-चैत्रात अनेक विहिरी तळ गाठू लागतात. पौड व पिरंगुट भागात घरांभोवती आणि शेतघरांभोवती जी हिरवळ राखली जाते, तिला नेमके याच दिवसांत नित्य पाणी लागते. हे पाणी बहुधा तुषार संचाने दिले जाते. या संचात पाणी सोडणारी व अडविणारी जी झडप असते, तिलाच बोलीत ‘व्हॉल्व्ह’ अथवा ‘वॉल’ म्हणतात.

झडप नीट मिटत नसेल तर किती पाणी जाते, याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी गळत असेल, तर तासाला १२ लिटर आणि दिवसाला २८८ लिटर पाणी वाया जाते. टंचाईच्या दिवसांत एखाद्या कुटुंबाची तहान व स्वयंपाक भागून उरेल इतके हे पाणी आहे.

झडप का बिघडते ?

थंड देशांत नळ्यांतील पाणी गोठून झडपा फुटतात. मुळशीत ते भय नाही. येथे पाऊस, गाळ व माती यांपासून झडपेस धोका असतो. संच बसविताना झडपेची पेटी पुष्कळदा सर्वांत सखल कोपऱ्यात, गटाराजवळ किंवा खाचराच्या बांधालगत पुरली जाते. आषाढ-श्रावणात ती पेटी पाण्याने व गाळाने भरते. विजेवर चालणाऱ्या झडपेच्या तारांचे जोड ओलाव्याने गंजतात आणि वाळूचे कण रबरी पडद्याखाली अडकून झडप अर्धवट उघडी राहते. अशा जागी झडप दरवर्षी दुरुस्त केली तरी ती दरवर्षी बिघडते. म्हणून अशा ठिकाणी दुरुस्तीपूर्वी जागा बदलण्याचा विचार करावा.

नवी जागा कशी निवडावी ?

पावसाळ्यात जेथे पाणी साचत नाही, अशी थोडी उंच जागा पाहावी. ती तुषारांच्या फवाऱ्याबाहेर, पण तोट्या डोळ्यांस दिसतील इतक्या जवळ असावी, म्हणजे झडप फिरविणाऱ्यास परिणाम तेथूनच पाहता येतो. मोठ्या झाडाच्या मुळांजवळ व वाहनांच्या वाटेवर पेटी ठेवू नये.

झडपेच्या अलीकडील नळीत पाण्याचा दाब कायम असू शकतो. पलीकडील नळीत तो झडप उघडल्यावरच येतो. झडप पुढे सरकविली की कायम दाबाखाली राहणारी नळी लांबते. तेवढा नवा भाग जाड व योग्य दाबाच्या नळीचाच असावा.

उतारावर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब वाढतो. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथे नेऊन १९२७ पासून वीज निर्माण केली जाते, ती उंचीतून येणाऱ्या याच दाबाच्या बळावर. हिरवळीतही वरच्या व खालच्या टप्प्यास एकच झडप असेल, तर खालच्या तोट्या जोराने फवारतात आणि वरच्या दुबळ्या राहतात. शिवाय झडप मिटल्यावर नळीत उरलेले पाणी सर्वांत खालच्या तोटीतून झिरपून तेथे चिखल होतो. यास्तव प्रत्येक टप्प्यास स्वतंत्र झडप द्यावी आणि उपनळ्या उतारास आडव्या, समपातळीत टाकाव्यात.

स्थलांतराची रीत

१. पंप व वीज बंद करावी. मुख्य नळीतील पाणी काढून टाकावे.

२. सुमारे ४५ सें. मी. खोल खड्डा घ्यावा. तळाशी १० सें. मी. खडी पसरावी, म्हणजे आत आलेले पाणी मुरून जाईल. पेटीचे झाकण आसपासच्या जमिनीपेक्षा ५ सें. मी. वर राहावे.

३. प्लॅस्टिकची नळी काटकोनात कापून कड घासावी. दोन्ही टोके पुसून कोरडी करावीत, सिमेंट लावावे, पाव फेरा देऊन नळी बसवावी आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवावी. पूर्ण दाब दुसऱ्या दिवशी द्यावा.

४. झडप जोडण्यापूर्वी नळीतून थोडा वेळ पाणी सोडून आत गेलेली माती धुऊन काढावी. झडपेवरील बाण पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेस असावा. प्लॅस्टिकचे आटे पान्याने फार आवळू नयेत; ते तडकतात.

५. माती लोटण्यापूर्वी संच चालवून सर्व जोड तपासावेत.

६. पेटीचे अंतर दोन कायम खुणांपासून, उदाहरणार्थ घराच्या दोन कोपऱ्यांपासून, मोजून कागदावर उतरवून ठेवावे. हिरवळ वाढली की पेटी दिसेनाशी होते. तेव्हा हा कागदच उपयोगी पडतो.

पिण्याचे पाणी अलग ठेवावे

हिरवळीवर खते व कीटकनाशके पडतात. संचाची नळी पिण्याच्या नळास थेट जोडलेली असेल, तर नळातील दाब एकाएकी उतरताच हिरवळीवरचे दूषित पाणी उलटे ओढले जाऊन घरातील अथवा गावाच्या नळात शिरू शकते. म्हणून हिरवळीस वेगळी टाकी असावी. तीत पाणी सोडणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या काठाच्या वर, नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर मोकळे असावे. हे अंतर असले म्हणजे पाणी उलटे जाण्यास वाटच उरत नाही. पंपापुढे नॉन-रिटर्न झडप बसवावी. वीज गेल्यावर पाणी पंपाकडे परतत नाही.

वर्षभराची निगा

पेटी उघडताना झाकण काठीने सरकवावे. ओलसर, अंधाऱ्या पेटीत साप व विंचू आश्रय घेतात. आत एकदम हात घालू नये.

गाळणी आठवड्यास धुवावी. तिच्या आधीच्या व नंतरच्या दाबात चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोपेक्षा अधिक फरक दिसला, तर ती तात्काळ स्वच्छ करावी. प्रत्येक झडप महिन्यातून एकदा पूर्ण उघडून मिटावी. हाताने मिटावयाची झडप सावकाश मिटावी. वाहते पाणी झटक्यात अडविले की नळीस ठोका बसून जोड निखळतात.

विजेची झडप उघडत नसेल, तर प्रथम तिच्यावरील हाताचा स्क्रू सैल करावा. त्याने पाणी सुरू झाले, तर दोष बहुधा तार, कॉइल वा टायमर यांत असतो. झडप मिटत नसेल, तर पाणी बंद करून वरचे झाकण काढावे, रबरी पडदा व त्याची बैठक स्वच्छ पाण्याने धुवावी आणि पडदा चिरला असल्यास बदलावा.

मृगापूर्वी संच बंद करून टायमरची वीज तोडावी आणि पेटीभोवतीचा पाण्याचा चर मोकळा करावा. दसऱ्यानंतर पेटीतील गाळ काढून व नळ्यांची टोके उघडून पाणी सोडावे, आणि मगच तोट्या लावाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील माळीकाम करणाऱ्यांस एकत्र बोलावून एखादी झडप त्यांच्यासमोर खोलून दाखवावी. पडदा कोठे बसतो व वाळू कोठे अडकते हे एकदा प्रत्यक्ष पाहिले, की पुढील किरकोळ दुरुस्तीसाठी शहरातून कारागीर आणण्याची गरज पडत नाही.