हिब्रू धर्मग्रंथातील योद्ध्यांचे नेतृत्व : ‘शास्ते’ व ‘शमुवेल’ या ग्रंथांच्या आधारे एक विवेचन

इस्राएलात राजसत्ता स्थापन होण्यापूर्वीच्या काळाचे चित्रण ‘शास्ते’ या ग्रंथात आढळते. या काळात गोत्रांचे नेतृत्व वंशपरंपरेने चालत नव्हते. संकट उद्भवले की त्यातून नेता पुढे येई. मूळ हिब्रू ‘शोफेट’ या शब्दाचा अर्थ न्याय देणारा, शासन करणारा असा असला तरी ग्रंथातील बहुतेक शास्ते प्रत्यक्षात युद्धनायकच आहेत. लोकांचे तंटे सोडविताना दिसते ती एकटी दबोरा. सीसराच्या ९०० लोखंडी रथांविरुद्ध ती बाराकाला १०,००० माणसे घेऊन ताबोर डोंगरावर जाण्यास सांगते. ती सोबत आली तरच आपण जाऊ, असे बाराक म्हणतो. ती जाते, मात्र विजयाचे श्रेय एका स्त्रीला मिळेल, हेही त्याला बजावते. पुढे सीसराचा वध याएल ही तंबूत राहणारी स्त्री करते.

नेतृत्वाच्या अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कथा गिदोनाची होय. मिद्यान्यांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडणारा हा तरुण आपले कुळ दुर्बळ असल्याचे सांगून जबाबदारी टाळू पाहतो. पुढे त्याच्याभोवती ३२,००० लोक जमतात. भयभीतांना परत जाण्याची मुभा देताच २२,००० निघून जातात. (युद्धास भिणाऱ्याला घरी पाठवावे, असा नियम ‘अनुवाद’ या ग्रंथातही आहे.) हारोदच्या झऱ्यावरील पाणी पिण्याच्या परीक्षेनंतर केवळ ३०० उरतात. ‘निवडक मनुष्यबळाची कार्यक्षमता’ म्हणून ही कथा सांगण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु ग्रंथ स्वतः दिलेले कारण वेगळे आहे. आपल्याच बळाने आपण तरलो, असा गर्व इस्राएलाने करू नये, म्हणून ही संख्या घटविली जाते. कार्यक्षमतेचा अर्थ आपला आहे, ग्रंथाचा नव्हे.

रणशिंगे, रिकामे घडे व त्यांत दडविलेल्या मशाली यांच्या साहाय्याने मिळविलेल्या रात्रीच्या विजयापेक्षा त्यानंतरचा प्रसंग अधिक बोलका आहे. युद्धाला आधी बोलावले नाही म्हणून एफ्राईम गोत्र संतापते. गिदोन त्यांच्या कामगिरीपुढे आपली कामगिरी उणी ठरवितो आणि त्यांचा राग शमतो. हेच एफ्राईमी हीच तक्रार घेऊन पुढे इफ्ताहाकडे जातात. तो मात्र त्यांना सडेतोड उत्तर देऊन युद्ध पुकारतो. यार्देनच्या उतारांवर ‘शिब्बोलेथ’ या शब्दाच्या उच्चारावरून माणसे ओळखून मारली जातात. ग्रंथ ४२,००० हा आकडा देतो. तक्रार एकच; अंतर केवळ नेत्याच्या उत्तराचे.

अर्थात गिदोनाला आदर्श ठरविण्याची घाई करू नये. भाकर नाकारणाऱ्या सुक्कोथच्या वडीलधाऱ्यांना तो काट्यांनी शिक्षा करतो. राजपद नाकारतो, पण लुटीतील १,७०० शेकेल सोन्याचे एफोद करून घेतो आणि लोक त्याचीच पूजा करू लागतात. त्याच्या पश्चात अबीमलेख हा त्याचाच पुत्र आपल्या ७० भावांवर उठतो; त्यांतून योथाम तेवढा वाचतो.

दावीदाच्या चरित्रात नेतृत्वाची कसोटी सिकलाग येथे लागते. अमालेक्यांनी नगर जाळून बायकामुले नेलेली असतात आणि दावीदाला दगडमार करण्याची भाषा त्याचेच लोक करू लागतात. तो ६०० जणांसह पाठलागास निघतो. थकलेले २०० जण बसोर ओढ्यापाशी थांबतात. विजयानंतर, मागे राहिलेल्यांना लुटीतील वाटा देऊ नये, असे काही जण म्हणतात. लढणारा व सामान राखणारा यांना समान वाटा मिळेल, असा निर्णय दावीद देतो आणि पुढे तोच इस्राएलाचा नियम ठरतो. ग्रंथात दावीदाने जिंकलेल्या लढाया पुष्कळ आहेत. परंतु नेता म्हणून त्याची उंची या वाटणीत अधिक दिसते.

हाच दावीद राजा झाल्यावर, राजांनी युद्धास निघण्याच्या ऋतूत यवाबाला रणांगणावर धाडून स्वतः यरुशलेमेत राहतो. बथशेबेचे प्रकरण तेथेच घडते. तिचा पती उरीया हित्ती याला रणांगणावरून बोलावले जाते; पण सोबती उघड्यावर तळ देऊन असताना आपण घरी जाऊन सुख भोगणार नाही, असे तो सांगतो. त्याला लढाईच्या ऐन तोंडावर ठेवून इतरांनी मागे सरावे, अशी आज्ञा दावीद पत्राने यवाबास देतो. ते पत्र उरीयाच्याच हाती दिलेले असते.