लाल पिंप दिसलं की

पडद्यावर नकाशा हळूहळू उमटत होता. भिंती काळ्या, मोकळी जागा पांढरी, न पाहिलेला भाग करडा. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी दुपारभर त्याच्यासमोर बसलो होतो. इमारतीत चार चाकांचे तीन रोबो नकाशा काढत, लाल पिंप शोधत फिरत होते. कुठे वळायचं, कोणती खोली आधी पाहायची, हे त्यांचं ते ठरवत. मी लक्ष ठेवायचं आणि विचारलं की उत्तर द्यायचं.

पहिली दहा मिनिटं निवांत गेली. मग एक रोबो उंबऱ्यावर अडकला. दुसऱ्याची चाकं गुळगुळीत फरशीवर घसरली आणि नकाशातला सरळ व्हरांडा केळ्यासारखा वाकला. चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर मोजलं की अशी प्रत्येक घसरण पुढच्या हिशेबात साठत जाते. त्यात वर्गखोल्या सगळ्या सारख्या. रोबो एकीत असतो आणि स्वतःला दुसरीत समजतो. मी भिंती जुळवत बसलो असतानाच तिसऱ्याचा फोटो आला: लाल वस्तू, हीच का? मी ‘होय’ दाबलं. ते आग विझवायचं नळकांडं होतं.

नोव्हेंबर 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या प्रदर्शन मैदानावर हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थांनी ‘मॅजिक 2010’ ही स्पर्धा भरवली होती. सुमारे 500 मीटर लांब-रुंद परिसर, आतल्या इमारतींसकट, साडेतीन तासांत पिंजून काढायचा. लाल पिंप म्हणजे बॉम्ब. देखरेखीला माणसं दोनच, आणि त्यांनी किती वेळ हात घातला तेही मोजलं जाई. मिशिगन विद्यापीठाच्या संघानं 14 रोबो उतरवून पहिला क्रमांक आणि साडेसात लाख डॉलर मिळवले. त्यांच्या रोबोंच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा चिकटवल्या होत्या. एकाला दुसऱ्याची खूण दिसली की अंतर आणि दिशा कळे, दोघांचे नकाशे आपोआप सांधले जात. मला हे अतिशय सुंदर वाटतं.

पण माणसाचा हस्तक्षेप जितका कमी तितकं यश, हा हिशेब मैदानापुरता ठीक आहे. खऱ्या शहरात पिंपात पाणी असतं. आपल्या चाळींत तर दारोदारी पिंपं! तिथे घाईनं दाबलेल्या ‘होय’ची किंमत त्या दारामागचं घर मोजेल. पुण्यात डीआरडीओनं घडवलेला ‘दक्ष’ हा रोबो बॉम्ब हाताळतो तो दूरनियंत्रणावर, माणसानं चालवल्यावरच. काम सावकाश होतं, पण चालवणाऱ्याची नजर त्या एकाच वस्तूवर असते.

एका माणसाच्या हाती किती रोबो द्यायचे, हा आकडा त्याला प्रत्येक फोटो नीट पाहायला लागणाऱ्या वेळावरून ठरवावा. मला त्या दुपारी तीनसुद्धा जास्त झाले.