वायफाय काढून घेताना

दूरचित्रवाणीसंचाला वायफाय बंद ठेवण्याचा हुकूम पडद्यावरील यादीतून देता येतो, हे खरे. परंतु तो हुकूम पाळला गेला किंवा नाही याची जबानी पुन्हा त्या संचाकडूनच घ्यावी लागत असल्याने, आरोपीलाच पंच नेमण्याचा हा शिरस्ता लॅमिंग्टन रोडवरील एका वृद्ध कारागिराला मंजूर नव्हता. "साहेब, वॉरंटी शिल्लक आहे का?" एवढीच विचारणा त्याने केली, आणि गिऱ्हाइकाने होकार देताच "मग ती गेली असं समजा" म्हणत संच सतरंजीवर पालथा घातला.

आपण काय पाहतो ते संच टिपून बाहेर कळवतो, ही गिऱ्हाइकाची धास्ती निराधार नव्हती. अमेरिकेत 2017 साली व्हिझिओ कंपनीने फेडरल ट्रेड कमिशन व न्यू जर्सी राज्याचा दावा 22 लाख डॉलर भरून मिटविला, तो याच कारणास्तव: पडद्यावरील बिंदूंचे नमुने क्षणोक्षणी उचलून व ज्ञात कार्यक्रमांच्या संग्रहाशी ताडून, 1 कोटी 10 लाख संचांवर काय पाहिले जाते याची टिपणे मालकांच्या संमतीवाचून गोळा झाली होती, केबल असो वा डीव्हीडी, पडद्यावर उमटे ते सारे त्यांत येई.

प्लग काढल्यावरही कारागीर स्वस्थ बसून राहिला, कारण पॉवर बोर्डावरील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब रेंगाळू शकतो. तो उतरल्याची मल्टीमीटरने खातरजमा झाल्यावरच त्याने आत हात घातला. खालच्या कडेला वायफायची एक लहानशी हिरवी पट्टी होती. तिच्या टोकाची तांब्याची नागमोडी रेघ हाच अँटेना, कारण 2.4 गिगाहर्ट्‌झच्या तरंगाची लांबीच साडेबारा सेंटिमीटर, आणि तिच्या चतुर्थांशावर काम भागते. जेथे हा भाग मुख्य बोर्डावरच जडविलेला असतो, तेथे नुसती अँटेनाची तार उपटून पुरत नाही, कारण क्षीण झालेले प्रसारणही जवळच्या राउटरला ऐकू जाऊ शकते. येथे पट्टी स्वतंत्र होती. तार कापण्याचा आततायीपणा न करता त्याने कनेक्टर नखाने हलकेच सोडविला, मोकळ्या टोकाला पिवळी टेप गुंडाळली आणि पट्टी पिशवीत घालून मालकाच्या स्वाधीन केली.

संच सुरू केल्यावर नेटवर्कची यादी रिकामी दिसली. तेवढ्यावर विसंबून न राहता त्याने फोनवर ब्लूटूथचा शोध चालवून तेथेही संचाचे नाव उमटत नसल्याचे पडताळले, कारण ही दोन्ही कामे बहुधा एकच चिप करते. परिणामी रिमोटमध्ये बोलून हुकूम सोडण्याची सोयही संपली. (हे आधी सांगावयास हवे होते, असे मला वाटले, गिऱ्हाइकाला तसे वाटल्याचे दिसले नाही.) इन्फ्रारेडची बटणे चालत होती, यावर ते संतुष्ट होते. पैसे चुकते करताना मात्र त्यांनी विचारले, मालिका पाहण्याची स्टिक आता कोणत्या एचडीएमआयला लावावी?

"कुठल्याहीला लावा," कारागीर झाकणाचे स्क्रू आवळीत म्हणाला, "तिच्यातही वायफाय असतंच."